शाओशिंगला दोन रात्री: कसं जायचं, काय खायचं, कुठे फसायचं नाही

इचलकरंजीत कापडाच्या धंद्यात असलेल्या माणसाला केछ्याओ कुठे आहे हे सांगावं लागत नाही. चीनमधला कापडाचा सगळ्यात मोठा घाऊक बाजार तिथे आहे आणि आपल्याकडचे व्यापारी वर्षानुवर्षं तिथे जातात. मीही चार वेळा गेलो. हॉटेल, बाजार, जेवायला भारतीय खाणावळ, विमानतळ, घर. केछ्याओ हा शाओशिंग नावाच्या सुमारे अडीच हजार वर्षं जुन्या शहराचा एक भाग आहे आणि खरं शाओशिंग मेट्रोने जाण्याइतकं जवळ आहे, हे मला पाचव्या खेपेला कळलं. त्यानंतर बायको, मेहुणी आणि साडूभाऊ यांना घेऊन मुद्दाम फिरायला गेलो. साडू पक्के शाकाहारी, त्यामुळे पुढचं बरंचसं शहाणपण त्यांच्या उपाशी पोटातून आलेलं आहे.

चिनी येत नसताना स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

१. आधी गाव पक्कं करा

शांघायच्या आसपास कालव्यांवरची गावं पुष्कळ आहेत. वूचन, शीथांग, चौच्वांग ही जास्त गाजलेली. ती सुंदर आहेत, पण आत जायला तिकीट आहे आणि बऱ्याच ठिकाणी मुख्य गल्ल्या पर्यटकांसाठीच सजवलेल्या वाटतात. शाओशिंग मोठं शहर आहे. कालवे त्याच्या पोटातून जातात आणि काठावरच्या घरांत लोक राहतात. सकाळी म्हाताऱ्या पायऱ्यांवर भाजी धुताना दिसतात, दोरीवर कपडे वाळत असतात. फोटोपुरतं गाव हवं असेल तर वूचनला जा. खायला-प्यायला आणि निवांत चालायला शाओशिंग.

जवळच्या हांगचौ शहरातून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारे खूप असतात. तसं करू नका. गर्दी दुपारी असते, गाव सकाळी साडेसहाला आणि रात्री दिवे लागल्यावर दिसतं. किमान दोन रात्री ठेवा.

२. व्हिसा आणि कागद

भारतीयांना चीनचा पर्यटक व्हिसा मधली काही वर्षं मिळत नव्हता. जुलै २०२५ पासून तो पुन्हा सुरू झाला. ‘२४० तास व्हिसाशिवाय राहता येतं’ असे व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नका, त्या सवलतीच्या देशांच्या यादीत भारत नाही. व्हिसा आधीच काढावा लागतो. महाराष्ट्रातल्या लोकांना मुंबईतून काम होतं. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो.

जवळ ठेवायचे कागद:

- सहा महिन्यांहून जास्त मुदत असलेला पासपोर्ट, त्यात कोरी पानं
- नियमाच्या मापाचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा ताजा फोटो
- जाण्या-येण्याची विमान तिकिटं आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल आरक्षण
- बँकेचं स्टेटमेंट, नोकरीचा किंवा धंद्याचा पुरावा
- दिवसवार प्रवासाचा साधा तक्ता

व्यापारी व्हिसा आणि पर्यटक व्हिसा वेगवेगळे आहेत. माझ्या ओळखीच्या एका एजंटने ‘काय फरक पडतो’ म्हणून बायकोचा अर्ज चुकीच्या प्रकारात भरला आणि आमचे तीन आठवडे फुकट गेले. अर्ज पाठवण्याआधी स्वतः वाचा.

चीनमध्ये शिरताना भरायचं आगमनपत्र २० नोव्हेंबर २०२५ पासून ऑनलाइनही भरता येतं. घरूनच भरून टाका.

३. फोन: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

व्हिसाइतकंच हे महत्त्वाचं आहे, कारण तिथे फोन म्हणजे पाकीट, नकाशा आणि दुभाषा.

*पैसे.* अलीपे आणि वीचॅट ही दोन अ‍ॅप भारतातच उतरवून घ्या. पासपोर्टने ओळख पडताळा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत ना, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये तपासा. २०० युआनच्या आतल्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, वर गेलं की ३ टक्के लागतं. मोठं बिल शक्य असेल तर दोघांत वाटून द्या. एक युआन म्हणजे साधारण १२-१३ रुपये धरा. नोटा घ्यायला दुकानदार नाही म्हणत नाहीत, पण सुट्टे द्यायला त्यांच्याकडे नसतात, म्हणून थोड्या लहान नोटा ठेवा.

*ओटीपीचा सापळा.* कार्ड जोडताना किंवा मोठ्या व्यवहाराला भारतीय नंबरवर ओटीपी येतो. भारतीय सिम काढून चिनी सिम टाकलंत की संपलं. एक तरी भारतीय नंबर रोमिंगसह चालू ठेवा.

*इंटरनेट.* गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम तिथल्या हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर मात्र चालतं, कारण तो डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री हॉटेलवर पोचल्यावर तुमचा मेसेज जात नाही आणि इकडे सासूबाईंचा रक्तदाब वाढतो.

*नकाशा.* गूगल नकाशा चीनमध्ये सरकलेला दिसतो. शाओशिंगमध्ये त्याने आम्हाला दोनदा थेट कालव्यात उभं केलं. अ‍ॅमॅप वापरा, त्यात इंग्रजीची सोय आहे.

*भाषा.* भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा. टॅक्सीवाल्याला ‘हॉटेल’ हा शब्दसुद्धा कळेल असं धरू नका.

आणि एक किरकोळ: भारतीय गोल पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसेलच असं नाही. अ‍ॅडॅप्टर घ्या.

४. कधी जावं

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिथे चिकट, रेंगाळणारा पाऊस असतो. त्याला ते ‘आलुबुखारचा पाऊस’ म्हणतात, कारण ते फळ तेव्हा पिकतं. आपल्या कोकणासारखा धो-धो नाही, पण कपडे वाळत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा जीव घेतो. १ ते ७ ऑक्टोबर, मे महिन्याचे पहिले पाच दिवस आणि चिनी नववर्ष हे तिन्ही काळ टाळा, अख्खा देश तेव्हा फिरायला निघतो.

थंडीत जायचं असेल तर स्वेटर जास्त घ्या. यांग्त्से नदीच्या दक्षिणेला इमारतींमध्ये सरकारी हीटिंग नसतं, घरात बाहेरच्याइतकंच गार वाटतं. पण इथली तांदळाची दारू करायचा हंगाम हिवाळ्यातच सुरू होतो, त्यामुळे गावाला तेव्हा वेगळाच वास असतो.

५. पोचायचं कसं

सगळ्यात जवळचा मोठा विमानतळ हांगचौचा. शांघायला उतरलात तर पुतोंग विमानतळावरून होंगछ्याओ रेल्वे स्थानकापर्यंत मेट्रोची २ नंबरची लाइन आहे. पण शहर आडवं पार करावं लागतं, दोन तास हाताशी ठेवा. तिथून वेगवान गाडीने शाओशिंग साधारण दीड तास. हांगचौ पूर्व स्थानकावरून तर वीस-पंचवीस मिनिटं. हांगचौच्या मेट्रोतूनही गाडी बदलत केछ्याओ आणि शाओशिंगला येता येतं. वेळ जास्त जातो, पण तिकिटाची यातायात नाही.

रेल्वेचं अधिकृत अ‍ॅप ‘१२३०६’. त्यात इंग्रजी आहे आणि पासपोर्ट नोंदवता येतो. तिकिटं साधारण १५ दिवस आधी खुली होतात. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटकाने तुमचा पासपोर्ट वाचला नाही तर घाबरू नका, बाजूला माणूस बसलेली खिडकी असते.

इथला नेहमीचा घोळ: ‘शाओशिंग’ आणि ‘शाओशिंग उत्तर’ ही दोन वेगळी स्थानकं आहेत. बऱ्याच वेगवान गाड्या उत्तर स्थानकावर थांबतात आणि ते जुन्या गावापासून चांगलंच लांब आहे. तिकिटावरचं नाव नीट बघूनच हॉटेलला पोचायची वेळ सांगा.

६. मुक्काम

लू शुन यांच्या घराच्या परिसरात किंवा त्सांगछ्याओ या जुन्या रस्त्याजवळ राहा. बाकी सगळं पायी होतं. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे २४ तासांत नोंद व्हावी लागते, हॉटेल ती स्वतः करतं. कालव्याकाठची छोटी घरगुती लॉज फोटोत फार गोड दिसतात, पण काहींना ही नोंद जमत नाही. आम्हाला एका लॉजने रात्री नऊ वाजता, सामान आत घेतल्यावर, ‘परदेशी चालत नाहीत’ म्हणून हात जोडले. आरक्षण केल्यावर लगेच निरोप पाठवून विचारा: भारतीय पासपोर्ट चालेल का? उत्तर लेखी घ्या.

७. पहिला दिवस: चाला

संध्याकाळी पोचलात तर त्सांगछ्याओ रस्त्याने एक फेरी मारा. काळी कौलं, पांढऱ्या भिंती, मागून कालवा. मग पहिल्या पूर्ण दिवशी पहाटे उठून बात्झ पुलावर जा. चिनी लिपीतला ८ हा आकडा दोन उतरत्या रेघांचा असतो, तसा हा दगडी पूल उतरतो म्हणून त्याचं नाव ‘आठाचा पूल’. दक्षिण सोंग राजवटीच्या काळातला, इ. स. १२५६ चा. तीन जलमार्ग जिथे भेटतात तिथे, आजूबाजूची घरं न पाडता, जो रस्ता जिथून येतो तिथे उतार देऊन तो बसवलाय. आठशे वर्षांपूर्वीचा उड्डाणपूल म्हणा. २०१४ मध्ये चीनचा महाकालवा जागतिक वारसा यादीत गेला, त्यात हा पूल आणि भोवतालची वस्तीही आहे. तरी इथे तिकीट नाही, फाटक नाही. लोक सायकली हातात धरून चढतात.

मग लू शुन यांचं घर. आधुनिक चिनी साहित्य ज्यांच्यापासून सुरू झालं असं मानतात ते लू शुन इथे १८८१ मध्ये जन्मले. प्रवेश फुकट आहे, पण आधी पासपोर्ट क्रमांकाने वेळ नोंदवावी लागते. अ‍ॅपमध्ये जमलं नाही तर मूळ पासपोर्ट घेऊन खिडकीवर जा, झेरॉक्स चालत नाही. आत त्यांची शाळा आहे. शाळेत उशीर झाला म्हणून गुरुजी रागावले, तेव्हा पोराने बाकावर ‘लवकर’ अशा अर्थाचं अक्षर कोरलं. ते बाक दाखवतात. चिनी पालक पोरांना तिथे उभं करून जे बोलतात ते भाषा न येताही समजतं.

तिथून चालत जाण्याजोगी शेन बाग. बाराव्या शतकातले कवी लू यौ यांना आईच्या हट्टापायी बायको थांग वान हिला सोडावं लागलं. पुढे काही वर्षांनी ती दुसऱ्या नवऱ्याबरोबर याच बागेत भेटली. तिने त्यांना दारू आणि खाणं पाठवलं, त्यांनी भिंतीवर कविता लिहिली. सासू-सुनेची गोष्ट असल्याने आमच्या बायकांना ही बाग पुलापेक्षा जास्त आवडली. रात्री तिथे संगीताचा कार्यक्रम असतो, त्याचं तिकीट वेगळं.

८. खाणं: नाकाला सांगून ठेवा

शाओशिंगचं खाणं समजायचं तर एक गोष्ट धरून चला: इथे ताज्यापेक्षा मुरलेल्याला मान आहे. खारवलेलं, आंबवलेलं, बुरशी आणून मऊ केलेलं, दारूत बुडवलेलं. सुकट-बोंबलाच्या वासात वाढलेल्या माणसाला हे दोन घासांत कळतं.

*वासाचं टोफू.* रस्त्यावर तळतात. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, वर गोडसर-तिखट चटणी. वास गटाराचा, चव मात्र चांगली. गरम असतानाच खा, गार झालं की वासच उरतो.

*माठाचे देठ.* हे बघून मी उडालोच. आपण माठाच्या जाड देठांची भाजी करतो. तिथे तेच देठ उंच, जून होऊ देतात, तुकडे करून आंबवतात आणि मग वाफवतात. साल तशीच राहते, आतला गर जेलीसारखा होतो. तो शेवग्याच्या शेंगेसारखा चोखून खायचा. वास टोफूपेक्षा जबर, कारण याच देठांच्या पाण्यात ते टोफू मुरवतात. दोन्ही एकत्र वाफवलेली ‘दोन वासांची’ थाळीही मिळते. पहिल्याच दिवशी मागवू नका.

*वाळवलेली मोहरीची भाजी.* मेगानत्साय. मोहरीच्या जातीचा पाला मीठ लावून आंबवतात आणि उन्हात काळपट होईपर्यंत वाळवतात. डुकराच्या चरबीदार मांसाबरोबर तासन्‌तास वाफवली की मांसापेक्षा तीच खावीशी वाटते. काळी छपराची होडी, काळी नमद्याची टोपी आणि ही काळी भाजी, या तिन्हींना शाओशिंगची ‘तीन काळी’ म्हणतात.

*बडीशेपेच्या वासाचे घेवडे.* वाळवलेल्या बाकला शेंगांचे दाणे मसाल्यात उकडलेले. दारूबरोबरचा चकणा. लू शुन यांच्या १९१९ च्या एका कथेतला खोंग यिची हा फाटका पंडित हेच दाणे चघळत, या दाण्यांच्या नावातलं एक अक्षर चार प्रकारे लिहिता येतं अशी बढाई मारतो. ती कथा जिथे घडते तो शियानहंग गुत्ता १८९४ मध्ये लू शुन यांच्या भाऊबंदांनी काढला होता. तो फार चालला नाही. आजचा १९८१ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला पुन्हा उघडलेला. दारात खोंग यिचीचा पुतळा आहे. गर्दी असते, साडेअकरालाच जाऊन बसा.

*दारूत मुरवलेलं.* कोंबडी बिनधास्त घ्या. कोळंबी विचारून घ्या, काही ठिकाणी ती कच्ची, कधी जिवंतही दारूत घालून आणतात.

संध्याकाळचं जेवण सहा-सातला उरका. आपल्या सवयीने नऊला गेलात तर स्वयंपाकघर बंद. मेनू बहुतेक टेबलावरच्या क्यूआर कोडमध्ये असतो, भाषांतराचा कॅमेरा दुसऱ्या फोनवर उघडा. पाणी गरम मिळतं. ते मुद्दाम, चूक म्हणून परत पाठवू नका. खिशात टिश्यू ठेवा, स्वच्छतागृहात असेलच असं नाही.

९. शाकाहारी असाल तर

‘मांस नको’ एवढं म्हणून भागत नाही. तिथे नुसतं ‘मांस’ म्हटलं की डुकराचं, आणि भाजीवर भुरभुरलेला खिमा हा बऱ्याच जणांच्या लेखी मसाला. साडूंनी पहिल्या दिवशी साधी पालेभाजी मागवली, ती आली डुकराच्या चरबीत परतून.

‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. पण आपल्या उच्चारावर विसंबू नका. चिनी लिपीत एक चिठ्ठी तयार करून फोनमध्ये ठेवा: मांस, मासे, कोळंबी, चरबी, कोंबडीची पावडर, कालवांचं सॉस नको, वनस्पती तेलात करा. अंडं चालतं का तेही लिहा. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्यावर निभतं.

सर्वांत सुरक्षित म्हणजे बौद्ध शाकाहारी भोजनालय. त्यात कांदा-लसूणही नसतो, चातुर्मास पाळणाऱ्यांनाही चालावं. तेही जमलं नाही तर सरळ केछ्याओ गाठा, तिथे डाळ-भात मिळतो. साडूंनी दुसऱ्या रात्री तेच केलं आणि तृप्त होऊन झोपले. घरून मेतकूट, खाकरे, लोणचं न्याच, त्यात कमीपणा नाही.

१०. पिवळी दारू

चिकट तांदूळ, गव्हाचं आंबवण आणि च्येन सरोवराचं पाणी, एवढ्यावर ही दारू होते. मद्यार्क पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास. रंग मधासारखा. चव पहिल्या घोटाला सोया सॉसची आठवण करून देते, तिसऱ्याला नाही. कोरडीपासून गोडापर्यंत चार प्रकार असतात. नवख्याने मधल्या ‘ज्याफान’ने सुरुवात करावी. थंडीत कोमट करून मागा. मुलगी जन्मली की रांजण पुरायचा आणि तिच्या लग्नात काढायचा, अशी रीत होती. त्या दारूचं नाव ‘लेकीची लाल’. आज त्या नावाने दुकानात मिळणाऱ्या सगळ्या बाटल्या कुणाच्या तरी अंगणात पुरलेल्या होत्या असं समजून जास्त पैसे मोजू नका.

ती गोडसर लागते म्हणून वाडगेच्या वाडगे जातात आणि उठताना कळतं. न पिणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: रस्त्यावरची आइस्क्रीम कांडी आणि दुधाचा चहाही या दारूचे मिळतात. पोरांच्या हातात देण्याआधी विचारा.

११. दुसरा दिवस: होडी

पूर्व सरोवर म्हणजे जुनी दगडखाण. शतकानुशतकं दगड काढून उभे कडे राहिले आणि पाणी साचलं. तिथे काळ्या छपराच्या होडीत बसा. होडी अरुंद, जेमतेम तिघांची. नावाडी पायाने वल्हं मारतो आणि हातातल्या छोट्या वल्ह्याने दिशा धरतो. दर फलकावर असतो, तो होडीचा आहे की माणशी, हे बसण्याआधी बोट दाखवून पक्कं करा. मध्येच फोटोला उभे राहू नका, ती खरोखर कलंडते.

वेळ उरला तर गावाबाहेरचं लानथिंग. इ. स. ३५३ मध्ये चीनचे नावाजलेले अक्षरकलाकार वांग शीची यांनी मित्रांना इथे बोलावलं, ओढ्यात दारूचे पेले सोडले, पेला ज्याच्यापुढे थांबेल त्याने कविता करायची. न जमल्यास दंड म्हणून प्यायचं. अक्षरकलेत रस नसेल तर हे वगळलं तरी चालेल.

१२. परतताना

दारू सीलबंद बाटलीतच घ्या. सुटी भरून दिलेली रेल्वेच्या तपासणीत अडकते. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत सूट आहे. मातीचे सुंदर रांजण मिळतात, आमचा एक सुटकेसमध्ये फुटला आणि बायकोच्या दोन साड्या अजून त्याच वासाच्या आहेत. मेगानत्सायची पाकिटं दोन पिशव्यांत गुंडाळा. घरी वापरताना दोन-तीन पाण्यांतून धुवा, रेती आणि मीठ दोन्ही फार असतं. मग थोडी साखर घालून बटाट्याबरोबर मंद आचेवर शिजवा. साडूंनाही चालते.